टॅक्सभक्त

न्यूझीलंडच्या सरकारवर पंतप्रधानांपेक्षाही जास्त जीव असलेला माणूस कुणाला पाहायचा असेल, तर त्याने ऑकलंडच्या माउंट रॉस्किलला येऊन आमच्या मेहुण्याला भेटावं. हा माझ्या बायकोचा मावसभाऊ. ईस्ट टामाकीतल्या एका कारखान्यात तो इंजिनीअर आहे, पण ते आपलं पोटापाण्यासाठी. खरा धर्म म्हणाल तर टॅक्स. पगार झाला की लोक हातात काय पडलं ते बघतात. हा आधी कापलं किती ते बघतो आणि देवाला नैवेद्य पोचल्यासारखी समाधानाने मान डोलावतो. "भावोजी, रस्त्यावरचे दिवे काय हवेवर जळतात का?" हा त्याचा ठरलेला सवाल. त्याचा एक मित्र अमेरिकेत असतो. तिथे देशाचा टॅक्स वेगळा, राज्याचा वेगळा आणि राज्य बदललं की नियमही वेगळे, असं त्याने एकदा फोनवर रडवेल्या आवाजात सांगितलं. फोन ठेवल्यावर आमचा मेहुणा हळहळला. "दोन दोन ठिकाणी भरायला मिळतं बघा त्याला! आपल्याकडे एकच. त्यातही पगारदाराचा हिशोब टॅक्स खातं आपणहून करून टाकतं. माणसाने करायचं तरी काय?"

पण करणाऱ्याला काम कमी नसतं. मागे त्याने शेजारच्या गोऱ्या आजोबांचं गवत कापायचं मशीन दुरुस्त करून दिलं. आजोबांनी खूश होऊन पिशवीभर फिजोआ आणून दिले. आता फिजोआ हे फळ इथे हंगामात लोक अक्षरशः एकमेकांच्या गळ्यात मारतात, रस्त्याच्या कडेला फुकट ठेवतात. पण याने पिशवी ओट्यावर ठेवली आणि घरात कुणी हात लावायचा नाही असं फर्मान काढलं. कामाच्या बदल्यात मिळालेली वस्तू म्हणजे उत्पन्न नव्हे का, हा त्याला पडलेला प्रश्न. त्याची लेक म्हणाली, "डॅड, दे आर ओन्ली फिजोआज!" पण हा टॅक्स खात्याला फोन लावून, कानाशी ते संगीत ऐकत, सबंध दुपार बसून राहिला. शेवटी पलीकडच्या बाई पोट धरधरून हसल्या म्हणे आणि म्हणाल्या, "यू आर ऑल गुड, लव्ह. एन्जॉय देम." तेव्हा कुठे त्याने बायकोला मुरंब्याची परवानगी दिली. दिवाळीच्या मेळ्यात तिने चकल्यांचा स्टॉल लावला, तेव्हा हा छंद की धंदा यावर त्याने तिची उलटतपासणी घेतली. ती बिचारी म्हणाली, "अरे, तेलाचेही पैसे सुटले नाहीत!" हा लगेच खुलला. "मग तोटा दाखवता येतो का ते बघितलं पाहिजे." एकतीस मार्चला इथलं आर्थिक वर्ष संपतं, त्या दिवशी त्याच्या घरी श्रीखंड-पुरी असते. आम्हीही जातो. श्रीखंडाला कसलं आलंय तत्त्व.

पुण्या-मुंबईहून नवीन आलेलं कुठलंही जोडपं त्याच्या तावडीतून सुटत नाही. विमानतळावरून आणायला हाच जातो, आणि हायवेला लागायच्या आत टॅक्स नंबर कसा काढायचा, दुसरी नोकरी धरली तर कुठला कोड द्यायचा, हे त्यांना पाठ झालेलं असतं. झोपेने पेंगणाऱ्या माणसांना तो आरशातून विचारतो, "कळलं ना? मग सांगा पाहू परत." लोक वैतागतात, पण वर्षभराने एखाद्याचा घोळ निस्तरायची वेळ आली की मध्यरात्रीही त्यालाच फोन करतात.

असंच एक जोडपं रविवारी त्याच्याकडे जेवायला आलं होतं. आम्हीही होतो. आमटी वाढता वाढता त्याचं प्रवचन चाललं होतं. नव्याने आलेल्याला पहिली चार वर्षं भारतातल्या उत्पन्नावर इथे सूट असते; ती संपली की तिकडचं व्याज, तिकडच्या घराचं भाडं, सगळं इथे दाखवायचं. ती मुलगी हुशार होती. तिने विचारलं, "दादा, फ्लॅट माझ्या नावावर आहे, पण भाडं परस्पर आईच्या खात्यात जातं. मग ते कुणाचं?"

"असं कसं? घर ज्याच्या नावावर, भाडं त्याचं. मग ते आईकडे जावो नाहीतर..." एवढं बोलून आमचा मेहुणा थांबला. आमटीची वाटी भरून ताटात सांडायला लागली तरी त्याचा हात तसाच.

कोथरूडला त्याचा एक फ्लॅट आहे. भाडेकरू ठरवणं, गळका नळ दुरुस्त करून घेणं, सगळं त्याचे वडील बघतात आणि भाडंही त्यांच्याच खात्यात जमा होतं. त्याच्या लेखी ते बाबांचं भाडं होतं. पिशवीभर फळांसाठी फोनला चिकटून बसणाऱ्या या माणसाच्या डोक्यात, ते आपलं उत्पन्न आहे, हे इतक्या वर्षांत एकदाही आलं नव्हतं. त्याची चार वर्षांची सूट तर केव्हाच संपली होती.

त्या दिवशी तो जेवला नाही. ऑकलंडमधल्या कुठल्याही अकाउंटंटकडे जायला तयार होईना, कारण "सगळ्या मराठी लोकांत षट्कर्णी होईल." शेवटी तिकडे दूर हॅमिल्टनला एक नागपूरच्या अकाउंटंट ताई आहेत, त्यांच्याकडे मी त्याला गाडीत घालून घेऊन गेलो. निघताना त्याने एक पिशवी बरोबर घेतली. आत टूथब्रश आणि लोकरीचे मोजे. मी म्हटलं, "अरे, तुला काय आत टाकणार आहेत का?" तो म्हणाला, "वेळ काय सांगून येते, भावोजी?"

ताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "खात्याने तुम्हाला काही विचारलंय का? नाही ना? मग त्यांनी विचारायच्या आधी आपणच सांगून टाकू. आपणहून सांगणाऱ्याला ते वेगळं वागवतात. वडिलांकडून तेवढा भाड्याचा तपशील मागवून घ्या."

"बाबांना कळता कामा नये," हा एकदम म्हणाला. आणि मग जे मलाही माहीत नव्हतं ते त्याने सांगितलं. त्याचे वडील शाळामास्तर. आयुष्यात कुणाचा पैसा घेतला नाही. याने इथून पाठवलेले पैसे त्यांनी दोनदा परत केले. भाडं तेवढं घेतात, कारण घर सांभाळण्याची ती मजुरी आहे अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आहे. पेन्शन तुटपुंजी, औषधं महाग. "आपल्यामुळे पोराला तिकडे टॅक्स बसतो हे कळलं ना ताई, तर त्या दिवसापासून एक रुपया घेणार नाहीत. मला दंड होऊ दे. पण ते भाडं बंद नको व्हायला."

ताईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "भाडेकरार तुमच्या ईमेलवर असेल की. तेवढा द्या. नाही त्रास देत वडिलांना."

काही आठवड्यांनी कारखान्यातून त्याचा फोन आला. मागे फोर्कलिफ्टची पींपीं चाललेली आणि हा नुसताच श्वास घेतोय. मग म्हणाला, "भावोजी, राहिलेला टॅक्स आणि वर थोडं व्याज. दंड नाही! एकदम झकास! स्वीट ॲज!" तो इतका मोठ्याने हसला, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मलाही इतकं हलकं वाटलं, की मी ऑफिसात उगाचच सगळ्यांना किया ओरा, म्हणजे इथला माओरी रामराम, घालत सुटलो. संध्याकाळी त्याच्याकडे मिसळ होती. तीन प्लेटा त्याने एकट्याने संपवल्या आणि पुढच्या वर्षीपासून भाडं कुठल्या रकान्यात दाखवायचं ते आम्हाला सविस्तर समजावून सांगितलं. एवढ्या आनंदाने कुणी ते ऐकलं नसेल.

परवाच्या रविवारी मी त्याच्याकडे असताना पुण्याहून बाबांचा व्हिडिओ कॉल आला. ते वर्तमानपत्र डोळ्यांच्या अगदी जवळ धरून बसले होते. "अरे, यात असं लिहिलंय की तुम्हा परदेशातल्या लोकांना इथल्या भाड्यावर तिथेही टॅक्स भरावा लागतो. तुला काही भुर्दंड पडत नाही ना? पडत असेल तर आत्ताच सांग."

"छे हो बाबा," आमचा मेहुणा म्हणाला, "आमच्याकडे तसलं काही नसतं."

"नक्की?"

"अगदी नक्की."

"बरं झालं बाबा." म्हातारा मोकळेपणाने हसला. "मग या महिन्यात चष्मा बदलून घेतो. फार दिवस लांबवला होता."

फोन बंद झाल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "खोटं बोललो." त्याच्या बायकोने चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला. माझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना असं फसवून एखादा चष्मा घ्यायला लावता आला असता तर किती बरं झालं असतं, असं त्या दुपारी मला फार वाटत राहिलं.