हात न टेकता

बँकॉकला आलेला पाहुणा पहिल्या दिवशी राजवाडा बघतो, दुसऱ्या दिवशी नदीतून फिरतो आणि तिसऱ्या दिवशी खरेदीला निघाला की वाटेत आम्ही लागतो. डोक्यावरून पुलावरची गाडी धावते, तिन्ही बाजूंना काचेचे मॉल आहेत आणि मधल्या कोपऱ्यात आमचा चार तोंडांचा देव. भारतातून आलेली माणसं त्याला बघून थबकतात. "हा तर ब्रह्मदेव! आमच्याकडे याला फारसं कुणी विचारत नाही," असं त्यांच्यातल्या एकाने मला हसत हसत सांगितलं होतं. आमच्याकडे मात्र देवाला श्वास घ्यायला फुरसत नसते.

देवाच्या बाजूला छपराखाली आम्ही बसतो. मी रनात वाजवतो, म्हणजे लाकडी पट्ट्यांवर दोन काठ्या आपटून पोट भरतो. माझ्या शेजारी ढोलवाला, त्याच्यापलीकडे गाणारी बाई आणि पुढ्यात मुकुट घातलेल्या नर्तकी. कठड्याबाहेरचे पर्यटक समजतात की हा खेळ त्यांच्यासाठी चाललाय. फोन वर धरतात, शेवटी टाळ्या वाजवतात. अरे, टाळ्या कसल्या वाजवता? इथे नवस फेडणं चाललंय. कुणी मुलगा मागितलेला असतो, कुणी व्हिसा, कुणी नवऱ्याची दारू सुटावी म्हणून साकडं घातलेलं असतं. मागितलेलं मिळालं की ते माणूस येतं, हातात उदबत्त्या घेऊन गुडघ्यांवर बसतं, गाणारी त्याचं नाव गाण्यात गुंफते आणि नर्तकी देवाला खूश करतात. पर्यटकांना हे फुकटात बघायला मिळतं, एवढंच.

या नर्तकींच्या पुढे पा तिम असायची. तिचं कागदावरचं नाव लामदुआन, पण ते फक्त दवाखान्यात पुकारायचे. बाकी सगळ्या जगाची ती पा, म्हणजे आईच्या थोरल्या बहिणीला म्हणतात ती. मीही तिला पा म्हणायचो. ती माझ्याहून फार मोठी नाही, पण तिला नुसतं तिम म्हणायची छाती कुणाची होती?

आंगथोंगकडच्या एका लिके मंडळीत तिचा जन्म झाला. देवळांच्या जत्रांत गाणी, नाच आणि चावट विनोद करत फिरणारी ती मंडळी. बाप राजा व्हायचा, आई राणी व्हायची आणि पोर कपड्यांच्या पेटीत झोपायची. टीव्ही आला, जत्रांत लिकेला कुणी विचारेना, मंडळी मोडली आणि सतरा वर्षांची ही पोर बँकॉकला येऊन आमच्या देवासमोर उभी राहिली. पुढे लग्न केलं. नवरा कालव्यावर बोट चालवायचा. एक दिवस तो बोटीसकट दुसऱ्या बाईकडे निघून गेला. त्याबद्दल कुणी हळहळलं की ती म्हणायची, "बोट चांगली होती हो."

आमच्या नाचाची सुरुवात बसून होते. सगळ्या जणी गुडघ्यांवर बसून देवाला हात जोडतात. मग रनातवर उठण्याची ओळ येते आणि पुढची नर्तकी सावकाश, जमिनीला हात न टेकता, जणू कुणी वरून ओढून घेतंय तशी उभी राहते. ती उठल्याशिवाय मागची एकही उठत नाही. पा तिमचं ते उठणं बघायला मी आयुष्यभर मान वर करून वाजवत आलो.

मग तिचा उजवा गुडघा बिघडला. ती कुणाला बोलली नाही. पट्टा बांधायची, वरून जरीचं नेसायची. पण एका सकाळी, पर्यटकांच्या दोन बसगाड्या नुकत्याच रिकाम्या झालेल्या असताना, उठताना तिचा हात जमिनीला टेकला. क्षणभरच. पण तेवढं कुणाच्या तरी फोनमध्ये गेलं, फोनमधून सगळीकडे गेलं आणि संध्याकाळी मॅनेजर विसूतने तिला बोलावलं. माणूस वाईट नाही तो. फक्त त्याला कणा बसवायचा राहून गेलाय.

"पा, लोक कुठून कुठून बघायला येतात," तो म्हणाला. "तुम्ही आता आराम करा. फाटकाजवळ झेंडूच्या माळांचं दुकान आहे ना, ते तुम्हाला देतो. सावलीत बसायचं."

"माळा विकू?"

"बसून काम आहे, पा."

"बसायचा त्रास नाहीये मला, साहेब. त्रास उठायचा आहे. तो माळा विकून जाणार आहे का?"

पा तिमने मुकुट काढून विसूतच्या टेबलावर ठेवला आणि निघाली. फाटकाशी वळून मला म्हणाली, "असं तोंड नको करूस. मेले नाहीये मी. परत येणार आहे."

"कशी?"

"नाचत. दुसरं काय येतं मला?"

मला वाटलं, बोलण्याची गोष्ट आहे. पण एका रविवारी मी नदीपलीकडे तिच्या घरी चिकट भात आणि भाजलेलं डुकराचं मांस घेऊन गेलो, तर बाई कालव्याकाठच्या फळीवर गुडघ्यांवर बसलेली. दात आवळलेले, हात छातीशी जोडलेले. उठायला लागली, अर्ध्यात अडकली, धप्पकन खाली बसली. पुन्हा उठायला लागली. मी धावलो तर खेकसली.

"हात लावशील तर कालव्यात ढकलीन."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"मांडीतली ताकद वाढवा म्हणाले. वाढवतेय."

"आणि गुडघ्यांवर बसू नका, असं नाही म्हणाले?"

"म्हणाले. सगळंच ऐकायला मी काय त्यांची बायको आहे?"

इकडे तिच्या जागी फायलिन नावाची पोरगी आली. वीस-बावीसची, हाताची बोटं वेलीसारखी वळणारी. आई तिची तळलेली केळी विकते. पोरगी गुणी, पण आल्यापासून तिच्यामागे काहीतरी लागलं. आधी घोटा मुरगळला. मग मुकुटाखाली पुरळ उठलं. मग एकदा भर नाचात तिचा मुकुटच घरंगळला आणि एका जपानी म्हातारीच्या पायाशी जाऊन थांबला. त्या दिवशी दुपारी ती माझ्या वाद्याशेजारी येऊन बसली आणि रडायला लागली.

"लुंग, मी फार मोठी चूक केलीय." लुंग म्हणजे काका, म्हणजे मी.

"पोटुशी आहेस?"

"नाही हो! नवस बोललेय."

"मग फेड. जागा तर बघ कुठे आहे. चालतही जायला नको."

तिने जे सांगितलं ते ऐकून माझ्या हातातल्या काठ्या खाली पडल्या. इथे जागा मिळावी म्हणून ती वर्षभर देवासमोर येऊन बसायची. आणि नवस काय बोलली होती? मला या मंडळीत घे, मी तुझ्यासमोर पूर्ण आठ जणींचा नाच करवीन, आणि पुढे पा तिम असेल. कारण चांगला नवस म्हटला की पुढे पा तिमच, हे सगळ्या शहराला माहीत. एक जागा रिकामी व्हायची तर ती कुणाची होईल, याचा विचार या दीडशहाणीने केला नव्हता. देवाने मागितलेलं दिलं, आणि दिलं ते नेमकं पा तिमचं आसन उचलून.

"अगं, बोलताना जीभ जरा आवरायचीस!"

"मला काय माहीत, देव तिलाच काढेल म्हणून!"

नवस जसा बोलला तसाच फेडावा लागतो. आमच्यात लहान पोरालाही हे ठाऊक आहे. फेडला नाही तर आज घोटा गेला, उद्या काय जाईल सांगता येत नाही. ही गोष्ट विसूतच्या कानावर घातली तेव्हा तो पांढराफटक पडला. त्याच्याच अंगणात, त्याच्याच नोकरीतल्या पोरीचा नवस थकला, तर देव आधी कुणाकडे बघणार? आणि आमच्या देवाची तोंडं चार, कुठल्या बाजूला लपणार?

तो स्वतः पा तिमच्या घरी गेला. मला सोबत नेलं, कारण एकट्याने जायची हिंमत नव्हती. फायलिन मागे मान खाली घालून चालत होती. पा तिमने सगळं ऐकून घेतलं आणि पोरीकडे बघत विचारलं, "माझ्या जागेसाठी माझाच नाच बोललीस?"

"पा, मला मारा हवं तर."

"मारून काय होतंय? नवस माझ्या नावाने आहे, मीच फेडला पाहिजे." मग विसूतकडे वळली. "कधी?"

विसूतला हायसं वाटलं आणि तो नको ते बोलला. "तुम्ही नुसत्या उभ्या राहा, पा. बसायचा भाग गाळू. हात हलवले तरी चालेल. हवं तर छानशी खुर्ची ठेवतो, फुलांनी मढवून."

"देवाला नाच कबूल केलाय की खुर्ची?"

"पण पर्यटक असतील, फोन असतील. पुन्हा हात टेकला तर?"

"तर टेकला. तुम्ही मान वळवून बसा."

ती पुढच्या गुरुवारी आली. तो देवाचा वार, त्यामुळे गर्दी ओसंडून वाहत होती. छत्री उंच धरलेले गाइड आपापल्या घोळक्यांना कठड्याशी रेटत होते. पा चेहरा रंगवून बाहेर पडली तेव्हा मागच्या सातही जणींनी तिला वाकून नमस्कार केला. फायलिन साध्या कपड्यांत, गिऱ्हाइकाच्या चटईवर, उदबत्त्या घेऊन गुडघ्यांवर बसली. गाणारीने तिचं नाव घेतलं. मी सुरुवात केली.

बसून करायचे नमस्कार झाले. पा तिमचे हात जसे होते तसेच, पाण्यासारखे. मग उठण्याची ओळ आली. मी वाजवली. ती थोडी वर आली आणि थांबली. तिच्या मानेची शीर फुगलेली मला दिसत होती. ओळ संपली तेव्हा ती पुन्हा खाली होती.

मी तीच ओळ पुन्हा घेतली. ढोलवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी डोळे वटारले, तो गुमान मागून आला. ती पुन्हा वर आली, पुन्हा अडकली. मागच्या सातही जणी गुडघ्यांवरच. त्यांच्या मांड्या थरथरत होत्या, पण पुढची उठल्याशिवाय कोण उठणार? मी ओळ पुन्हा घेतली. किती वेळा घेतली, देव जाणे. पर्यटकांना वाटलं नाच असाच असतो. त्यांनी फोन आणखी वर केले. विसूत खांबाआड उभा होता, डोळे घट्ट मिटून. फायलिनच्या हातातल्या उदबत्त्यांची राख तिच्या मनगटावर पडत होती आणि तिला त्याचं भान नव्हतं. मी मनात म्हणत होतो, टेक गं बाई हात, कुणी काही म्हणणार नाही, टेक. मला तिच्यासाठी भीती वाटत होती आणि तिचा रागही येत होता.

तिने हात टेकला नाही. एकदा ओळ चालू असताना ती वर येऊ लागली आणि जिथे अडकायची तिथे थांबली, पण या वेळी खाली आली नाही. तिथेच राहिली. ओळ संपली, मी पुन्हा घेतली, ती तिथेच. आणि मग इंच इंच करत ती उभी राहिली. मागच्या सातही जणी एकदम उठल्या. माझ्या डोळ्यांना दिसेनासं झालं. नशीब, रनातच्या पट्ट्या मला न बघता सापडतात.

पुढचा सगळा नाच तिने पूर्ण केला. एक पाऊल गाळलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि या वेळी मी त्यांच्यावर चिडलो नाही.

ती मागच्या पायरीवर टेकली. विसूत लगबगीने पाण्याची बाटली घेऊन आला.

"पा, सोमवारपासून या. मी वर बोलतो. तुमची जागा तुमचीच."

ती पाणी प्यायली. मग फायलिनला हाक मारली. "इकडे ये. बस खाली." पोरगी तिच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली. पा तिमने डोक्यावरचा मुकुट दोन्ही हातांनी उतरवला आणि गुरू शिष्याला घालतो तसा पोरीच्या डोक्यावर नीट बसवला, दोर हनुवटीखाली घट्ट केला. आजवर तो फायलिनच्या डोक्यावर कुणी घातलाच नव्हता. तिने तो विसूतच्या टेबलावरून स्वतःच उचलला होता.

"आता नाही घरंगळणार," पा म्हणाली.

"पण पा, सोमवारी?" विसूतने पुन्हा विचारलं. "मी तुम्हाला परत घेतोय ना."

"त्या दिवशी तुम्ही मला काढलं होतं, साहेब," ती म्हणाली. "आज मी सोडलं."