लिंबाची फिल्म

कागलच्या गणपतरावांनी दुसऱ्याची चूक कधी पोटात घातली नाही आणि स्वतःची कधी ओठांवर येऊ दिली नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ते सुपरवायझर होते. तिथं कास्टिंग बिघडलं तर वाळू वाईट, कामगार आळशी, नाहीतर हवा दमट. सुपरवायझर मात्र कायम बरोबर. निवृत्त झाल्यावर फौंड्री सुटली, ही सवय सुटली नाही. आता ती त्यांच्या बायकोच्या, विठाबाईंच्या वाट्याला आली.

यंदा नेसरीच्या त्यांच्या भाच्याचं, राजवीरचं लग्न ठरलं. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या देवळाला जातो, त्याला आपल्याकडं परण्या म्हणतात. आणि त्या घरात परण्याला नवरदेव मामाच्याच गाडीत बसतो. पूर्वी मामाची बैलगाडी असायची, आता गणपतरावांची पांढरी कार. पण राजवीरच्या काकांनी, अमरसिंहांनी, नुकतीच ट्रॅक्टरएवढी उंच काळी गाडी घेतली होती आणि ते येता-जाता म्हणायचे, "पावण्यांची गाडी न्हाईच आली तर आमची हाय की!"

हे वाक्य गणपतरावांना रात्रंदिवस टोचत होतं. मान मिळवायचा तो पुराव्यासकट, असं ठरवून त्यांनी अख्खा परण्या टिपणारा डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या काचेला लावायचा कॅमेरा, मागवला.

वायरमनला बोलवायचा प्रश्नच नव्हता. "भट्ट्या सांभाळल्यात मी. ह्या दोन वायरींचं काय एवढं?" म्हणत ते पाय बाहेर, डोकं आत अशा थाटात फ्यूजबॉक्सखाली शिरले. कॅमेऱ्याची वायर जोडायची होती किल्ली फिरवल्यावरच करंट येणाऱ्या फ्यूजला. त्यांनी ती खोचली आतल्या दिव्याच्या फ्यूजला, जिथं किल्ली खिशात असली तरी करंट असतो. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला आणि गणपतरावांची छाती फुगली. नव्या वस्तूला कुणाची नजर लागू नये म्हणून त्यांनी लगोलग पोर्चच्या हुकाला, गाडीच्या बरोबर तोंडासमोर, लिंबू-मिरची टांगली.

सकाळी किल्ली फिरवली तर नुसती टिकटिक. बॅटरी पार उतरलेली.

"दार नीट लावलं नसशील तू. दिवा जळत राहिला," ते विठाबाईंवर ओरडले.

"मी गाडीत बसलेच न्हाई की काल!"

मग दोष बॅटरीला गेला आणि नवी बॅटरी आली. तीही उतरल्यावर चौकातल्या जाणकारांनी डायनामा सांगितला, सेल्फ सांगितला, एकानं तर पेट्रोलही सांगितलं. गणपतरावांना यातलं काही पटेना. त्यांना कळून चुकलं की ही अमरसिंहांची नजर आहे. त्यांनी आणखी मोठं लिंबू आणलं, मिरच्या वाढवल्या, वर काळी बाहुली बांधली. बॅटरी आता आणखी लवकर उतरायला लागली.

शेवटी विठाबाईंनी कॅमेऱ्यातलं शूटिंग मोबाईलवर लावलं. समोर काही हललं की कॅमेरा आपोआप जागा व्हायचा, टिपायचा आणि टिपलेलं जपून ठेवायचा. "अवो, ह्यात नुसतं लिंबूच हाय की! वाऱ्यानं हलतंय, आन् त्यो कॅमेरा जागाच ऱ्हातोय. बॅटरी त्योच खातोय. वायर बघा जरा, चुकीच्या जागी लागलीया."

गणपतरावांना ते पटलं होतं, हीच तर अडचण होती. वायर चुकली म्हणायचं तर ती कुणी जोडली हेही म्हणावं लागणार. "लिंबू जागं हाय म्हणून गाडी शाबूत हाय," ते म्हणाले आणि उठून गेले. विठाबाईंना संताप आला, आणि थोडी कीवही आली.

लग्नाच्या आदल्या दिवशी बॅटरी चार्ज करून घेऊन ते नेसरीला पोचले. गाडी मांडवासमोर लावली. लिंबू त्यांनी बरोबर आणलं होतंच. ते मांडवाच्या खांबाला बांधलं. वर आंब्याच्या पानांचं तोरण वाऱ्यावर झुलत होतं.

सकाळी बँड सुरू झाला. फेटा बांधलेला राजवीर गाडीत बसला, करवल्या बसल्या, गणपतरावांनी किल्ली फिरवली. टिकटिक.

बँड थांबला. सगळं गाव बघत होतं. गणपतरावांनी परत किल्ली फिरवली, परत टिकटिक. मान तर चाललाच होता, आता तोंड लपवायलाही जागा नव्हती. अमरसिंह आपली काळी गाडी घेऊन थेट समोर येऊन उभे राहिले.

"पावणं, काय झालं?"

नजर, बॅटरी, विठाबाई, सगळं गणपतरावांच्या जिभेवर आलं होतं. मागं भाचा गुमान बसला होता, उतरून काकाच्या गाडीत बसायचं नावही काढत नव्हता. "वायर मीच चुकीची जोडली," ते पुटपुटले.

हे ऐकून विठाबाई मांडवातल्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"मग बॉनेट उघडा की!" अमरसिंहांनी आपल्या गाडीतून लाल-काळ्या वायरी काढल्या आणि दोन्ही बॅटऱ्या जोडल्या. मामाची गाडी काकाच्या करंटवर सुरू झाली, बँड दुप्पट जोरात वाजला आणि परण्या मारुतीला जाऊन आला. वाटेत गणपतरावांनी एकदाही गाडी बंद केली नाही.

लग्नानंतर पूजेला सगळे जमले तेव्हा मामाच्या कॅमेऱ्यातली फिल्म टीव्हीवर लावली. आधी लिंबू हललं. मग लिंबूच हललं. बाहुली आली, तोरण आलं, परत लिंबू. जपून ठेवलेल्या लिंबांनीच कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड गच्च भरलं होतं. परण्याला त्यात जागाच उरली नव्हती. अख्ख्या फिल्ममध्ये गणपतराव एकदाच दिसले, लुंगीवर, लिंबापुढं हात जोडताना. घर हसून लोळलं.

हसणं ओसरल्यावर अमरसिंहांनी आपला मोबाईल काढला. त्यांनी परण्या टिपला होता: पांढरी गाडी, फेटेवाला नवरदेव, ताठ बसलेला मामा. फक्त सुरुवातीलाच, सगळ्यांच्या आधी, त्यांच्या बॉनेटमधून मामाच्या बॉनेटमध्ये गेलेल्या त्या वायरी दिसत होत्या.

गणपतरावांनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग ते अमरसिंहांजवळ सरकून बसले.

"पावणं, ते जरा मला बी पाठवा की," ते हळूच म्हणाले. "वायरीसकट पाठवा."