खाचरातली मावशी आणि शाळेचं पिंप

लग्नाआधी मी पुण्यातल्या शाळेत शिकवायची. तिथे कचऱ्याचा विचार कधी करावाच लागला नव्हता. शिपाई झाडायचा, गाडी घेऊन जायची. एकोणीसशे साठच्या आसपास लग्न होऊन मी सासरी मुळशीत आले आणि कोळवणच्या खोऱ्यातल्या शाळेत लागले, तेव्हा कळलं, इथे गाडीही नाही आणि शिपाईही नाही.

शाळेला लागून एका विधवा बाईंचं भाताचं खाचर होतं. सगळे त्यांना मावशी म्हणत. मुलांचे कागद, बोरांच्या बिया, भाकरी बांधून आणलेली पानं वाऱ्याने त्यांच्या खाचरात जात. मावशी सगळं गोळा करून कुंपणावरून परत आमच्या अंगणात फेकत, तेही तोंडाचा पट्टा चालू ठेवून.

तेव्हा शाळेत वाटायची दुधाची पावडर झाकणाच्या पत्र्याच्या पिंपातून यायची. एक पिंप रिकामं झालं, ते मी कचऱ्यासाठी दाराशी ठेवलं. मुलांना त्याचं एवढं कौतुक, की टाकायला काहीतरी हवं म्हणून चांगले कागद फाडायला लागली!

एका सकाळी पिंप गायब. शोधायला गेलेली एक मुलगी धावत आली. "बाई, पिंप मावशीच्या वट्यावर हाय!"

मी तणतणत गेले. पिंप धुऊन, वाळवून, त्यात कडुलिंबाचा पाला घालून भाताचं बी भरलेलं.

"मावशी, हे तुम्ही नेलंत?"

"व्हय, म्याच नेलं. उंदीर शिरत न्हाई असलं पिंप, आन् तुमी त्यात घाण टाकताय?"

"विचारायचं तरी!"

"इचारलं असतं तर दिलं असतं का?"

मला हसूच फुटलं. "बरं, ठेवा. पण कचरा आता पुन्हा तुमच्याच खाचरात येणार."

दुपारी मावशी कुदळ घेऊन स्वतःच शाळेत आल्या. मागच्या बाजूला त्यांनी खड्डा खणायला घेतला, मोठ्या मुलींनी माती उपसली.

"पालापाचोळा, राख समदं हितं टाका. वरून मी शेण घालीन. कागद माज्या चुलीला द्या."

पुढच्या पावसाळ्यात खड्ड्याच्या कडेला कुणी न लावलेला भोपळ्याचा वेल उगवला आणि शाळेच्या कौलांवर चढला. मावशींनी भोपळे उतरवून आमच्या पडवीतच तीन दगडांवर भाजी रटरटत ठेवली. मुलं पानांत बांधलेल्या भाकऱ्या सोडून रांगेत बसली. मीही त्यांच्यातच बसले. त्या दिवसापासून मला तिथं करमायला लागलं.