रोग नाही म्हणे

माझ्या सासूचं म्हणणं असं की काम दिसलं की मला लघवी लागते. तसं नव्हतं, काम नसलं तरी लागायची. म्हसावदला सासरी येऊन दोन वर्षंही झाली नसतील, तोच ओटीपोटात कळ मुक्कामाला आली. बसलं तरी दुखे, निजलं तरी दुखे. जाऊन यावं तर दोन थेंब, तेही जाळत येणार, आणि उंबरा ओलांडून आत येते तोच पुन्हा लागलेली.

बायकांनी गावाबाहेर जायचं ते पहाटे नाहीतर दिवेलागणीला, चारचौघींच्या सोबतीनं. दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस, कंदिलात घालायला रॉकेल नाही. मी एकटी सारखी कुठे पळणार? मग मी पाणीच सोडलं. तहान सोसता येते, लोकांचे डोळे सोसवत नाहीत. त्यानं आग आणखी भडकली. पाणी आणि अक्कल, दोन्ही मी एकदमच सोडली होती.

गोखरूचा काढा झाला, धन्याचं पाणी झालं, पळसाची फुलं उकडून पोटावर बांधून झाली. कापूस वेचता वेचता मी कमरेला बांधलेला कापसाचा ओटा तसाच टाकून बांधाआड पळू लागले, तेव्हा सासू माझ्यादेखत सासऱ्यांना म्हणाली, "प्रकाशाना वैद्यले दखाडू. रोग निंघना तं हिले माहेरलेच ऱ्हाऊ दे."

रोग निघाला की मला तिथेच सोडायचं; माझं माहेर प्रकाशा गावातच. आई गेलेली, घरात भावजयीचं राज्य. टाकलेली नणंद म्हणून तिच्या चुलीपुढे जन्म काढावा लागला असता. तिथे आधीच जागा कमी होती.

बैलगाडीनं सासू, सासरे आणि मी असे तिघं गेलो; नवरा कापसाच्या वेचणीला मागे राहिला. वैद्यांनी मनगट धरून डोळे मिटले. रोग सापडू नये असं वाटे, आणि सापडावाही वाटे. नाव कळलं असतं तर मी खोटारडी तरी ठरले नसते.

"नाडी स्वच्छ आहे," वैद्य सासऱ्यांना म्हणाले. "रोग काही नाही. मनाचे खेळ."

मला इतका संताप आला की ती नाडी हिसडून घ्यावीशी वाटली. सासूनं तिथल्या तिथे विचारलं, "मंग आते दुखस का व?"

तेव्हाही दुखत होतं. मांडी घालून बसवत नव्हतं. सासऱ्यांसमोर मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर पुढे ओढला आणि म्हणाले, "नही. मन्हं काही दुखत नही. घर चाला."

सासरे लगेच उठले आणि बैल जुंपायला गेले. सासूनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि तीही उठली.

त्या घरात मी म्हातारी झाले. कळ कधीच गेली नाही. पण मला दुखतं, असं त्या घरात मला पुन्हा म्हणता आलं नाही.