रॉकेल की पेट्रोल

माझ्या मित्राची वाचा गेली, तेव्हा आमचा स्टोव्ह अजून ठरायचाच होता.

आम्ही दोघं साठी ओलांडलेले. मी धुळ्याला देवपुरात राहतो, नोकरीतून मोकळा झालेला. तो सावद्याचा, केळीच्या बागेतून कधीच मोकळा न होणारा. जळगावला कॉलेजात असताना एका खोलीत राहिलो, तेव्हापासूनची दोस्ती. त्या दिवसांत एकदा शिरपूरच्या पुढं सातपुड्यात पायी भटकून आलो होतो आणि पुन्हा जाऊ, पुन्हा जाऊ म्हणता म्हणता सगळं आयुष्य निघून गेलं. आता मुलं आपापल्या ठिकाणी लागली होती. या हिवाळ्यात जायचंच, असं त्यानं एका लग्नात मला पंगतीत बसल्या बसल्या सांगितलं.

तंबूची सोय झाली. अडलं ते चुलीपाशी. जंगलात लाकडं पेटवायची नाहीत, हे दोघांनाही मान्य होतं, कारण त्या भागात वणवे लागतात. गॅसचे छोटे डबे आमच्याकडे सहज मिळत नाहीत आणि डोंगरात संपले की संपलेच. म्हणजे तेलावर चालणारा, पंप मारायचा, पाठपिशवीत मावणारा स्टोव्ह हवा. एवढ्यावर एकमत झालं. पुढं रॉकेल की पेट्रोल यावर जे भांडण लागलं, ते मिटेना.

रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. बागेतून येऊन, हातपाय धुऊन तो ओट्यावर बसलेला असायचा.

"रॉकेलवालाच घे," तो म्हणायचा. "पेट्रोल भडकते. मी फवारणीचे पंप जिंदगीभर खोलले, मले नको शिकवू."

"रॉकेल आणशील कुठून? रेशनवर मिळायचं ते बंद झालं."

"आननार मी. तुले काय करायचं?"

"आणि तिथं संपलं म्हणजे? पेट्रोल कुठल्याही मोटरसायकलमधून काढता येईल. प्रत्येक पाड्यावर मोटरसायकल शे."

'आहे'ऐवजी 'शे' ऐकलं की तो हसत सुटायचा. आमच्या धुळ्याकडच्या बोलीची तो कॉलेजपासून टिंगल करायचा, मी त्याच्या 'तुले-मले'ची.

मी मोबाइलवर स्टोव्हचे व्हिडिओ बघायला लागलो. एकात टाकी खालीच बसवलेली, आमच्या घरी होत्या त्या पितळी स्टोव्हसारखी. दुसऱ्यात बाटली वेगळी आणि नळी वेगळी, बर्नर जमिनीलगत, म्हणजे पातेलं कलंडायची भीती नाही. पण त्याचं नोझल बारीक, रॉकेलला एक आणि पेट्रोलला दुसरं. हे सांगितल्यावर त्याचा मुद्दा पक्का झाला. "जितके पार्ट जास्त, तितकी कटकट. डोंगरात नोझल चोकलं तर कोन येईन?" स्पिरिटवर चालणारा छोटासा स्टोव्ह मी सुचवून पाहिला. त्यावर चहा होईस्तोवर दुपार होईल, म्हणून त्यानं तो उडवून लावला. खरं सांगायचं तर हे भांडण मिटावं असं मला वाटत नव्हतं. संध्याकाळ झाली की मी फोन हातात घेऊन बसायचो.

एका संध्याकाळी त्याचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलाचा आला. बागेत केळीचे घड गाडीत भरताना तो खाली बसला आणि उठलाच नाही. उजवी बाजू गेली होती. जळगावच्या दवाखान्यात मला लांबूनच बघू दिलं.

घरी आणल्यावर मी सावद्याला गेलो. खाटेवर उशांना टेकून बसवलेला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, दाढी वाढलेली. मला पाहून त्याचे डोळे हलले.

"घे," तो म्हणाला.

मला वाटलं, पाणी घे म्हणतोय. मी तांब्या उचलला.

"पाणी नाही म्हनत, भाऊ," वहिनी म्हणाल्या. "तेवढा एकच शब्द राहिला. पाणी पाहिजे तरी घे, नको तरी घे. पन बोला तुम्ही. त्याहिले सारं समजते."

मग मी मोबाइल काढला आणि दोन्ही स्टोव्हचे फोटो त्याच्यासमोर धरले.

"बोल, रॉकेलवाला?"

"घे."

"की पेट्रोलवाला?"

"घे." त्यानं जोर लावून मान हलवली. ती होकाराची की नकाराची, कळलं नाही. पुन्हा म्हणाला, "घे, घे," आणि माझ्याकडे असा बघत राहिला, जणू एवढं साधं मला का समजत नाही, असं विचारतोय. कपाळावर घाम आला त्याच्या. मी फोन खिशात ठेवला.

वाचा परत येईल, डॉक्टरांनी तसं म्हटलंय, असं त्याचा मुलगा सांगत होता. मी त्या बोलण्यालाच धरून बसलो. दोन्हींवर चालणारा, वेगळ्या बाटलीचा स्टोव्ह मागवून घेतला. मित्र बरा झाला की म्हणेल ते नोझल लावू. गच्चीवर पेटवून पाहिला. आधी पिवळी ज्योत भडकते, बर्नर तापला की निळी होते आणि घरघर आवाज सुरू होतो. तो आवाज त्यानं ऐकला पाहिजे, असं माझ्या डोक्यानं घेतलं.

पुढच्या वेळी स्टोव्ह पिशवीत घालून सावद्याला गेलो. त्याला अंगणात खुर्चीवर आणलं. पेट्रोल मुलाच्या मोटरसायकलमधून काढलं. पेटवण्याआधी मी बाटली त्याच्या मांडीवर ठेवली आणि त्याचा डावा हात पंपाच्या दांड्यावर धरला. त्यानं एकदा दाबला. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा बाटली घसरली. ती धरायला उजवा हात हवा होता. तो मांडीवर तसाच पडून होता आणि त्या हाताकडे तो असा बघायला लागला, जणू आजच दिसला. मग डाव्या हातानं त्यानं बाटली ढकलून दिली.

"घे," तो म्हणाला. ओरडला नाही. हळूच म्हणाला.

मी ऐकलं नाही. बाटली उचलली, पंप मारला, स्टोव्ह पेटवला. निळी ज्योत आली. चहा ठेवला. एव्हाना तो रडत होता, आवाज न करता, वाकड्या तोंडानं. चहा कपात ओतून मी त्याच्या ओठांशी नेला, तेव्हा वहिनींनी माझा हात धरला.

"पातळ काही देता येत नाही, भाऊ. ठसका लागते. छातीत जाते."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. तो चहा मी त्याच्यासमोर बसून प्यायलो. टाकून दिला असता तर ते अधिक वाईट दिसलं असतं, असं तेव्हा वाटलं. निघताना वहिनी फाटकापर्यंत आल्या.

"राग नका मानू. पन ते पुन्हा नका आनू."

हिवाळ्यात मी एकटाच शिरपूरला गेलो. तिथून जीपनं डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावर उतरलो आणि ओढ्याकाठी स्टोव्ह पेटवला. व्यवस्थित चालला. नोझल चोकलं नाही, काही भडकलं नाही. पाणी उकळलं आणि मी ते बघत बसलो. पुढं चालायला पाय उठेनात. त्याच्यासाठी थांबलो होतो म्हणावं, तर तो येणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. गुरं घेऊन आलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "एकलाच का?" मी मान हलवली. परतीची जीप मिळेल का, एवढंच त्याला विचारलं.

आता सावद्याला फोन मीच करतो. वहिनी फोन त्याच्या कानाशी धरतात. मी देवपुरातली थंडी सांगतो, पांझरा नदीला पाणी आहे की नाही ते सांगतो. सुरुवातीला पलीकडून तो एक शब्द तरी यायचा. अलीकडे नुसता श्वास येतो. मी विचारतो, ऐकतोय का? वहिनी म्हणतात, "डोळे मिटेल आहेत, भाऊ." मग वहिनी आणि मी एकमेकांना जेवण झालं का वगैरे विचारतो आणि फोन ठेवतो. रोज करायचो, आता रोज होत नाही.