धूळ न धरणारी साडी

भुताखेतांच्या गोष्टी वाचायला मला आवडतात, खोटं कशाला बोलू. पण त्या खऱ्या मानणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, अमावास्येला नवी गाडी घरी आणली, आणि अंगात आलेल्या एका नातेवाईक बाईंना भर कार्यक्रमात "चहा घेणार का?" विचारून सासरी चांगलंच नाव कमावलं. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही, मीही हसलेच असते. एवढंच सांगते, की यात कुणी हाका मारल्या नाहीत, पांढरं काही दिसलं नाही. जे झालं ते भर उन्हात, कामाला आलेल्या बायामाणसांसमोर झालं. म्हणूनच तर ते डोक्यातून जात नाही...

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. निफाडपासून थोडं आत, डांबरी सोडून कच्च्या रस्त्याला लागलं की आमची वस्ती. चहूबाजूंनी द्राक्षबागा, मधेच उसाचा पट्टा, आणि पावसाळी मका. मका काढताना ओला असतो, तसाच पोत्यात भरला की बुरशी लागते. म्हणून मी आणि माझे धाकटे दीर सोमनाथ, आम्ही दोघांनी मिळून मका वाळवायचा ड्रायर टाकला. आमचे हे एकलहऱ्याला कोळशावरच्या पॉवर स्टेशनमध्ये नोकरीला, आठवडाभर तिकडच्या क्वार्टरमध्ये आणि सुट्टीला घरी. त्यामुळे ड्रायरवर राज्य माझंच होतं. गावातली माणसं मला 'ड्रायरवाल्या वहिनी' म्हणायची आणि मला ते आवडायचं.

ड्रायर म्हणजे पत्र्याची उंच टाकी. वरून मका पडतो, खालून भट्टीची गरम हवा जाते, आणि ओल घेतलेली हवा एका बाजूच्या मोठ्या पंख्यातून बाहेर पडते. त्या हवेबरोबर धूळ येते, भुसकट येतं, आणि मक्याच्या दाण्याच्या बुडाशी जो लाल पापुद्रा असतो ना, तो उडतो. इतका हलका की जमिनीवर बसायचं नावच घेत नाही. दिवाळी सरली, उत्तरेचा वारा सुटला आणि पंख्यातून निघालेलं सगळं थेट आमच्या घराकडे यायला लागलं. पाण्याची टाकी लाल, वाळत घातलेले कपडे लाल, दुधावरची साय लाल.

एवढंच असतं तर झाडू मारत बसले असते. पण घरात आत्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्यांना जुना दमा. ड्रायर सुरू झाल्यापासून रोज दिवस कलायला लागला की त्यांची धाप सुरू व्हायची. खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकून बसायच्या, खांदे वर-खाली व्हायचे आणि छातीतून शिट्टी वाजायची. निफाडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "ड्रायर किंवा सासूबाई, एक काहीतरी लांब न्या. अजून एक मोठा ॲटॅक आला तर माझ्या हातात काही नाही."

आत्यांना म्हटलं, एकलहऱ्याला चला. तर म्हणाल्या, "तिकडं राख, इकडं कोंडा. मला माझ्या दारात राहू दे, तू तुझं मशिन पाह्य."

आणि मशिन बंद कसं करणार? निम्म्या गावाचा ओला मका आमच्या अंगणात येऊन पडलेला, वाफ धरायला लागलेला. सायक्लोनची ऑर्डर दिली होती. सायक्लोन म्हणजे कचऱ्याची हवा गोल फिरवून कचरा खाली पाडणारं पत्र्याचं मोठं नरसाळं. पण ते बनवणारा म्हणाला, संक्रांतीच्या आधी जमणार नाही.

सुट्टीला आल्यावर ह्यांनी पंख्यासमोर उभं राहून जरा वेळ बघितलं. आयुष्य राखेशी खेळण्यात गेलेला माणूस, धुळीबद्दल बोलायला लागला की थांबत नाही. म्हणाले, "हवेचा जोर मोडायचा. पंख्यासमोर मोठी खोली कर. हवा पसरली की मंदावते आणि कचरा आपोआप खाली बसतो. वरून मात्र उघडी ठेव, नाहीतर हवा कोंडून मका जळायचा."

खोली कशाची करायची, हा प्रश्न आमच्या भागात कुणालाच पडला नसता. साड्यांची! रस्त्याकडेच्या बागांना धूळ लागू नये म्हणून आमच्याकडे बागेभोवती जुन्या साड्या बांधतात. बाया जुन्या साड्या बोहारणीला देऊन भांडी घेतात, त्या फिरत फिरत व्यापाऱ्याकडे जातात आणि गठ्ठ्यांनी बागायतदारांकडे येतात. मालेगावकडून एक टेम्पोवाला यायचा, त्याच्याकडून गठ्ठा घेतला. बांबू रोवले आणि भट्टीपासून लांब, पंख्याच्या तोंडाशी साड्यांची मोठी खोली उभी केली. गुलाबी, जांभळी, फुलाफुलांची... सोमनाथ भाऊजी म्हणाले, "वहिनी, लग्नाचा मांडव वाटतोय. आता वाजंत्री तेवढी सांगा."

युक्ती निम्मी चालली. कचरा खाली पडायला लागला, पण बारीक धूळ साड्यांतून पार होऊन घराकडे जातच होती. संध्याकाळपर्यंत सगळ्या साड्या एका रंगाच्या व्हायच्या, विटकरी. सकाळी बाया त्या काठीने झोडायच्या. आत्यांची धाप चालूच होती, जरा कमी इतकंच.

झोडणाऱ्या बायांमध्ये झुंबरबाई होती. तिनेच मला हाक मारली. "ताई, ही एक साडी झोडायचीच नाय का? हिच्यावर कायच नाय."

मेंदी रंगाची साधी साडी, डाळिंबी काठ. शेजारच्या दोन्ही साड्या लाल बरबटलेल्या आणि ही आत्ताच घडी मोडल्यासारखी. मी म्हटलं, वारा तिथे कमी लागत असेल. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग माझ्यातली केमिस्ट्रीवाली जागी झाली. साडी काढून बरोबर पंख्यासमोर, घराच्या बाजूला बांधली, जिथे सगळ्यात जास्त मारा. संध्याकाळी बघितलं तर स्वच्छ. हे फोनवर म्हणाले, "नायलॉन धूळ ओढतं, ही सुती असेल." तशीच एक सुती साडी शोधून तिला खेटून बांधली. ती दुपारपर्यंत विटकरी झाली.

त्याच दिवसांत मला आणखी एक जाणवलं. ती साडी घराच्या बाजूला बांधल्यापासून ओट्यावर धूळ नव्हती. आत्या संध्याकाळी खाटेला हात टेकून बसलेल्या नव्हत्या. चुलीपुढे बसून नातवासाठी भाकरी थापत होत्या आणि मला ओरडत होत्या, की भाजीत मीठ नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याबरोबर एक अस्वस्थता अशी शिरली की बसवेना. दर तासाला काहीतरी निमित्त काढून मी त्या साडीपाशी जायचे. हात लावायचे, उलटी बघायचे, वास घ्यायचे. टेम्पोवाला पुन्हा आला तेव्हा त्याला धरलंच, ही कुठून आणलीस म्हणून. तो हसायला लागला. "ताई, गावोगावचा माल एकत्र होतो. कुठली बाई, कुठलं गाव, मी कसा सांगणार? चांगली निघाली ना? मग झालं तर."

झालं तर! माझ्यापुरतं ते काही मिटलं नव्हतं. जेवताना, हिशोब करताना, मुलाचा अभ्यास घेताना एकच प्रश्न, ही कुणाची? कधी नेसली असेल? का दिली असेल?

आणि मग मी ती साडी देऊन टाकली.

त्या दिवशी संध्याकाळी झुंबरबाईच्या भाचीचं लग्न होतं. तिने भीत भीत विचारलं, "ताई, इतकी चांगली साडी धुळीला कशाला? मला देता का? अशीच नेसीन, स्वच्छच हाय." मला नाही म्हणता येईना. काय सांगणार होते? ही साडी माझ्या सासूचा श्वास राखते म्हणून? मी, बी.एस्सी.? मनात कुठेतरी असंही आलं, की बरं झालं, गेली तर डोक्याची कटकट जाईल. तिच्या जागी दोन जाड साड्या बांधल्या आणि देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपार टळायच्या आत आत्यांना ॲटॅक आला. तसा मी आधी कधी बघितला नव्हता. ओठ निळे पडले, डोळे माझ्यावर लावलेले आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. ड्रायर बंद करून भाऊजींनी जीप काढली. निफाडला पोचेपर्यंत मी त्यांची पाठ चोळत होते आणि देवाचं नाव घेत होते. हो, मीच. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. संध्याकाळी त्यांनी डोळे उघडून पहिलं वाक्य काय बोलावं? "मका जळला नाय ना?"

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

सकाळी उठून थेट झुंबरबाईच्या घरी गेले. दिलेली वस्तू परत मागायला जायचं, याच्यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. वाटेत काय काय वाक्यं जुळवली होती. पण ती दारातच बसलेली होती आणि साडी घडी करून मांडीवर ठेवलेली होती.

"मीच येणार होते, ताई," ती म्हणाली. "ही तुमची तुम्हाला ऱ्हाऊ द्या."

"का गं? लग्नात नेसलीस ना?"

"नेसले. अन् मांडवात हुभं ऱ्हावंना. धाप लागली. मला, ताई! डोक्यावर पोतं घेऊन शिडी चढणारी बाई मी. वाटलं गर्दीनं होतंय, म्हणून घरी आले. साडी सोडली अन् श्वास मोकळा झाला. काल सकाळी पुन्यांदा नेसून पाह्यली, तर तेच." मग आवाज खाली आणून म्हणाली, "जिची हाय ना, तिला लय तरास झाला असंल बगा."

मी साडी घेतली. परत येताना ती छातीशी धरायला मला भीती वाटत होती, हे कबूल करते. डाव्या हातात, अंगापासून लांब धरून आणली आणि होती तिथे बांधली.

आत्या घरी आल्या. संक्रांत होऊन गेली, सायक्लोन येऊन बसला, तोपर्यंत त्यांना पुन्हा मोठा ॲटॅक आला नाही. ओट्यावर धूळ आली नाही. साडी शेवटपर्यंत मेंदी रंगाचीच होती.

सायक्लोन सुरू झाला तशी आम्ही साड्यांची खोली मोडली. बाकीच्या साड्या शेजारच्या बागायतदाराने नेल्या. ही मात्र आत्यांनी मागून घेतली. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, पण झुंबरबाईचं तोंड कोण धरणार. आत्या म्हणाल्या, "मी धुते. तू हात लावू नको."

नळाखाली दगडावर त्यांनी साडी भिजवली. वरून इतकी स्वच्छ साडी... आणि पहिल्या पिळ्यालाच पाणी लाल झालं. रंग जात असेल म्हणावं, तर तळाशी हाताला गाळ लागत होता, मक्याची बारीक लाल धूळ. बादली ओतली, दुसरी भरली, तीही लाल. तिसरी लाल. भाऊजी बघायला आले ते बादल्या भरून द्यायला लागले. ह्यांची सुट्टी होती. त्यांनी गाळ चिमटीत धरून बघितला आणि हातातच ठेवून उभे राहिले. एवढी धूळ त्या पातळ कापडात मावणं शक्यच नव्हतं. नाली लाल वाहत होती, कोंबड्या ओलांडायला बघत नव्हत्या, आणि आत्या खाली मान घालून धूतच होत्या.

शेवटी पाणी नितळ आलं. आत्यांनी साडी पिळली, मांडीवर घेतली आणि एखाद्या दमून आलेल्या पोरीशी बोलावं तशा हलक्या आवाजात म्हणाल्या, "सगळं आतच घेतलं का गं बाई तू?"

दुसऱ्या दिवशी वाळलेली साडी पाटावर ठेवून त्यांनी तिची ओटी भरली. खण, नारळ, मूठभर मका. कुणाची ओटी भरतो आहोत हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. मी पाटासमोर वाकून नमस्कार केला. कुणी हसलं नाही.

आत्या त्यानंतर बरीच वर्षं होत्या. गेल्या त्या म्हातारपणाने, झोपेत, शांत श्वास घेत. साडी त्यांच्या ट्रंकेत होती, ती आता माझ्या कपाटात आहे. मी ती कधी नेसलेली नाही. वाऱ्याची दिशा, कापडाचा पोत, योगायोग, मनाचे खेळ... ह्यांनी सगळी कारणं लावून बघितली, मी त्यांच्याहून जास्त लावली. एकही त्या लाल पाण्यापर्यंत पोचत नाही. कुणाला सुचलं तर जरूर कळवा.

आमच्या वस्तीवर अजून बोहारीण येते. मीही जुन्या साड्या देते, घरात किती साठवायच्या. पण आता द्यायच्या आधी प्रत्येक साडी मी उलगडते आणि अंगावर धरून एकदा नीट, खोल, मोकळा श्वास घेते. मगच तिच्या हातात ठेवते. कुठली साडी कुणाच्या दारात जाऊन उभी राहील, काय सांगावं.