ह्याच्या पुढं कोण पितंय?

ऑफिसातला पंखा बंद करायचा असला तरी व्हॉल्व्हमामा आधी चौफेर बघायचे. खाली कुणी बसलंय का, कुणाला घाम आलाय का. नळ असेल तर विचारायचेच, "ह्याच्या पुढं कोण पितंय?" आम्ही पोरीबाळी खो-खो हसायचो. मामांची सारी उमर पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्ह फिरवण्यात गेली होती. इथं चावी फिरवली की तिकडच्या गल्लीत कुणाचा तरी हंडा कोरडा राहतो, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं.

आमची कंपनी लहान. पाणीयोजनांचे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर करते. व्हॉल्व्ह, टाकी, सांधा म्हणजे एक बिंदू, आणि पाइप म्हणजे दोन बिंदूंमधली रेघ. एका मोठ्या वसाहतीचं काम आलं तेव्हा साहेबांनी मामांना ठेवून घेतलं. मामा रोज हर्सूलहून सायकलवर यायचे, ऑफिसच्या दाराबाहेर चपला काढायचे (लाख सांगितलं, ऐकतील तर शपथ!) आणि गल्लीबोळ पालथे घालून एकेक रेघ पक्की करायचे. दोन महिने हेच चाललं होतं.

पुढे तो नकाशा एआय एजंटकडून, म्हणजे सांगितलेलं काम आपलं आपण करणाऱ्या प्रोग्रामकडून, दुरुस्त करून घ्यायचं ठरलं. बिंदू घालणं, बिंदू काढून टाकणं, रेघ जोडणं, अशा प्रत्येक साधनाचं वर्णन लिहायचं काम माझ्याकडे आलं. एजंटला पडदा दिसत नाही, साधनाखाली लिहिलेलं तेवढंच कळतं. हे मामांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी नवा गडीच की! मग ताई, काय करायचं ते मागून सांगा. काय करू नाय ते आधी सांगा."

म्हणून 'बिंदू काढा' या साधनाखाली त्यांनी मला लिहायला लावलं: 'बिंदू काढला की त्याला जोडलेल्या सगळ्या रेघाही जातात. काढण्याआधी बघा, ह्याच्या पुढं कोण पितंय. रेघा असतील तर विचारल्याशिवाय हात लावू नका.' मी लिहिलं, आणि मामा घरी गेल्यावर पुसलं. वर्णनं आटोपशीर हवीत असं साहेबांनी बजावलं होतं, आणि मलाही ते बोलणं गावंढळ वाटलं. कसलं कोण पितंय! माझी पदवी, माझं इंग्रजी, सगळं तेव्हा डोक्यात गेलं होतं. मी दोनच शब्द ठेवले, 'बिंदू काढतो.'

आमच्याकडे प्रत्येक कागदावर लिहिणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही लागते; या वर्णनांचे तपासणारे मामा होते. दुसऱ्या दिवशी मामांनी दोरीनं बांधलेला चष्मा नाकावर चढवला आणि विचारलं, "कालचंच हाय ना, ताई?"

"तेच आहे मामा, काही बदललं नाही," मी म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि सही केली.

चारच दिवसांनी एजंटला सांगितलं, बंद पडलेले जुने व्हॉल्व्ह नकाशातून काढ. त्यानं इमानेइतबारे काढले, आणि त्यांना जोडलेल्या जित्याजागत्या पाइपांच्या रेघाही गेल्या. मागची जपून ठेवलेली प्रत फारच जुनी निघाली. मामांचे दोन महिने गेले आणि वसाहतीचं कामही गेलं.

साहेबांनी सगळ्यांसमोर कागद आपटला. "हे तपासलं कुणी?"

मामांनी कागद हातात घेऊन वाचला. मग माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नुसतं वाट बघत. मला एवढंच म्हणायचं होतं की वाक्य मी काढलं. पण नोकरी जाईल अशी भीती वाटली. मी कीबोर्डकडे बघत राहिले.

"सही माझी हाय, साहेब," मामा म्हणाले. "माझ्याच नजरंतून सुटलं."

त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ते दारात चपला घालत असताना मी जवळ गेले, तर मलाच म्हणाले, "ताई, ते वाक्य परत घाला बरं का. नव्या गड्याची काय बी चूक नव्हती."

चूक कुणाची होती ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

वाक्य मी त्याच दिवशी परत घातलं, त्यांच्याच शब्दांत. हर्सूलला मात्र गेले नाही. एकदा तिथल्या तलावापर्यंत पोचले आणि गाडी वळवली. कुठल्या तोंडानं जाणार होते मी?

गेल्या आठवड्यात साहेब नव्या गिऱ्हाइकाला एजंट दाखवत होते. बिंदू काढायला सांगितलं, तर तो थांबला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: 'या बिंदूला चार रेघा जोडलेल्या आहेत. ह्याच्या पुढं कोण पितंय ते बघितलं का?' गिऱ्हाईक खूश झालं. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "काय भारी वाक्य सुचलं हो तुम्हाला!"

साहेबांनी कागद आपटला त्या दिवशी तोंडातून एक शब्द फुटला नव्हता. या वेळी मात्र 'थँक यू, सर' पटकन आलं.